अकरा कंदील

माझ्या प्रबंधात एक अगदी मेलं वाक्य आहे: ‘निरीक्षणाच्या काळात परिसरात कृत्रिम प्रकाश नव्हता.’ परीक्षकांनी त्यावर बोटसुद्धा ठेवलं नाही. ठेवलं असतं तर मी त्यांना तिथेच तास-दीड तास बसवून सगळं ऐकवलं असतं. त्या एका वाक्यासाठी अकरा घरच्या बायांनी अंधारात पाणी भरलंय आणि मी माझ्या आत्याच्या पोटभर शिव्या खाल्ल्यात.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही नांदेडचे. आत्या दिली होती मुखेडच्या पलीकडे, जिल्ह्याच्या हद्दीवरच्या एका लहानशा गावात. जिल्हा नवा झाला, पाट्या नव्या झाल्या, गावात विजेचे खांबही येऊन उभे राहिले. तारा तेवढ्या यायच्या होत्या. आत्या म्हणायची, “खांब हायत की. म्हशी बांधायला झाले.” त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. म्हशीसुद्धा फार उरल्या नव्हत्या.

मला नेमकं असंच गाव हवं होतं. वीज नाही, ढग नाही. दुष्काळानं सगळ्यांना रडवलं आणि मला स्वच्छ आभाळ दिलं. हे अर्थात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. एकदा सकाळी अंगणात आळोखेपिळोखे देत मी म्हणून गेले, “काय मस्त आभाळ आहे गं आत्या, एक ढग नाही!” तर तिनं हातातला खराटा असा रोखला की मी पुन्हा जाऊन झोपले.

मी काय करत होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रात्रीचं आभाळ काळं असतं हे खोटं आहे. चंद्र नसला, चांदण्या जरी बाजूला काढल्या, तरी आभाळाला स्वतःचा उजेड असतो. दिवसभर ऊन खाल्लेली वरची हवा रात्रभर मंद उजळत राहते. शंभरेक किलोमीटर उंचीवर हिरव्या उजेडाचा एक थर आणि त्याच्याखाली दहाएक किलोमीटरवर गडद तांबड्याचा दुसरा. रंग डोळ्यांना दिसत नाहीत इतके ते फिके असतात. एअरग्लो म्हणतात त्याला. खाली कुठे वादळ झालं, डोंगरावरून वारा गेला, की हवेच्या लाटा वर चढत जातात आणि त्या थरांतून जाताना उजेड जरा वाढतो, जरा उतरतो. तो उजेड मोजत बसायचं, म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणारी लाट कागदावर उमटते. मला हे तेव्हाही अद्भुत वाटायचं आणि अजूनही वाटतं.

आत्याला मी हे सगळं पहिल्याच रात्री समजावून सांगितलं होतं. ती भाकरी थापत ऐकत होती.

“म्हंजे आभाळाला सोताचा उजेड हाय?”

“हाव.”

“त्या उजेडात सुई ओवता येती का?”

“नाही.”

“ज्वारी निवडता येती?”

“नाही गं आत्या.”

“मग असून काय अन् नसून काय,” असं म्हणून तिनं भाकरी उलटली. विषय संपला.

यंत्र माझं नव्हतं. आमच्या सरांनी ते दुसऱ्या एका केंद्राकडून उसनं आणलं होतं. एक लांब नळी, तिच्या तोंडाशी काचेचे फिल्टर आणि आत इतकी हळवी चकती की तिला नुसता काडेपेटीचा उजेड दाखवला तरी ती वेडी होईल. नळीला तार जोडून पुढे एक पेन होतं. ते कागदाच्या सरकत्या गुंडाळीवर रात्रभर रेघ ओढायचं आणि बाहेर कणभर उजेड जाऊ नये म्हणून जाड घोंगडीत डोकं घालून मिणमिणत्या बल्बवर मी ती बघायचे. मेअखेर यंत्र परत करायचं होतं. तोवर एक तरी धड लाट सापडली तर माझी शिष्यवृत्ती पुढे चालणार होती, नाही तर बाबांनी नांदेडच्या एका शाळेतल्या नोकरीचा अर्ज भरून ठेवलाच होता. फक्त माझी सही बाकी होती. शाळेत शिकवणं वाईट नाही. पण मला ती लाट हवी होती आणि ती दुसऱ्या कुणीतरी शोधावी हे मला सहन होणार नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे, त्याला मी काय करू!

आत्याच्या घराच्या मागच्या खोलीत मी यंत्र मांडलं. घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. धूर जायला माळवदाला एक भोक होतं आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्याभोवती हातभर उंच मातीचा कठडा. त्या भोकाखाली नळी उभी केली. इकडचातिकडचा उजेड आत येऊ नये म्हणून कठड्याला आतून-बाहेरून काजळी आणि डिंक कालवून काळं फासलं. यंत्राला वीज लागायची ती मोटारीच्या बॅटऱ्यांची. त्या मुखेडला भरून आणायच्या. यष्टीचा कंडक्टर मला बघितलं की ओरडायचा, “आल्या बॅटरीबाई! टपावर टाका आन् बाईंना सांभाळून खाली बसवा.” अर्धं गाव मला त्याच नावानं ओळखायला लागलं.

पेनची शाई सतत गळायची. रोज सकाळी माझे दोन्ही हात निळे. धुवायला दुसरा तांब्या मागितला की आत्या म्हणायची, “शाईनं काय मरत न्हाईस. राहू दे तशीच.” आणि तिचं बरोबर होतं, कारण पाणी मोजून होतं. निळ्या हातांनीच मी भाकरी खायचे.

पाण्याची व्यवस्था अशी होती. गावच्या मोठ्या विहिरीनं फेब्रुवारीतच तळ दाखवला. आमची वस्ती बौद्धांची, सात घरांची. वस्तीच्या विहिरीला मात्र एक झरा तग धरून होता. पायऱ्यांची विहीर. अगदी तळाशी जाऊन खड्ड्यातलं पाणी तांब्यानं घागरीत भरायचं. दोन घागरी भरल्या की खड्डा कोरडा, मग पुन्हा पाझरायला चाळीस मिनिटं. म्हणून पाळ्या लावल्या. एकीनं पाणी नेलं की जाताजाता पुढच्या घराची कडी वाजवायची. ती उठायची, घागरी घेऊन जायची, येताना तिच्या पुढच्या घराची कडी. दिवसा जनावरं, धुणं, कामं, त्यामुळे प्यायच्या पाण्याच्या पाळ्या रात्रीच्या. मार्चमध्ये गावातल्या चार घरच्या बायाही आमच्या पाळीत आल्या. आत्यानं त्यातल्या एकीला तोंडावर विचारलं, “इतकी वर्षं ह्या पाण्याची चव कशी आठवली न्हाई गं?” आणि मग पाळी दिली. झाली अकरा घरं.

रात्रभर कुठे ना कुठे कडी वाजत असायची. मी खाली घोंगडीत रेघेकडे डोळे लावून बसलेली. मनातल्या मनात म्हणायचे, किती मेली ही कटकट! ह्यांना जरा हळू वाजवता येत नाही का?

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्च गेला. रेघ कधी वर जायची, कधी खाली, पण तिला काही आकार नव्हता. अमावास्येच्या आसपासच्या आठ-दहा रात्रीच कामाच्या, कारण चंद्र असला की सगळं वाया. म्हणजे महिन्यातले वीस दिवस मी आत्याच्या हाताखाली आणि दहा रात्री आभाळाच्या.

एप्रिलमध्ये जयंती आली. जयंतीच्या आधी वस्तीत प्रत्येक घराला चुना लागतो. दुष्काळ असो, काही असो. घरात दाणा कमी असेल, पण जयंतीला भिंत पांढरी पाहिजे. चुना कालवायलाही पाणी लागतं. त्यासाठी बायांनी चार दिवस अंघोळीत कपात केली. मी त्या वेळी नांदेडला घरी गेले होते. परत आले तर घर दुरून चमकत होतं. मागची भिंत पांढरी, पुढची पांढरी. माळवदावर चढले आणि डोक्याला हात लावला. भोकाभोवतीचा माझा काळा कठडाही आतून-बाहेरून पांढराशुभ्र!

“आत्या! हे काय केलंस?”

“काय केलं म्हंजे? जयंतीला घरावर काळं ठेवू? माझ्या घरावर? लोकं काय म्हणतील, हिच्या घरी काय सुतक हाय का काय!”

“अगं, ते मुद्दाम होतं!”

“मंग हेबी मुद्दामच हाय,” आत्या म्हणाली. शिवाय वर, “दोन हात दिलेत. एका हातानं झाकत नव्हतं तुझं काळं.”

मी चिडले, पाय आपटले, तासभर बोलले नाही. पण रात्री अंधारच असतो, कठडा काळा काय नि पांढरा काय, असं म्हणून सोडून दिलं. आळस, दुसरं काय!

आणि त्याच अंधाऱ्या पंधरवड्यात लाट आली.

काय लाट होती ती! दर चाळीस मिनिटांनी एक छोटासा उंचवटा. एका रात्री अकरा. दुसऱ्या रात्री अकरा. पुस्तकात काढतात तशी आखीवरेखीव. पहाटे मी ती गुंडाळी अंगणात पसरली आणि अक्षरशः नाचले. आत्या म्हणाली, “पोरीला काय चावलं का?” मी तिला मिठी मारली, तिच्या लुगड्याला निळे पंजे उमटले आणि त्यावरून आणखी बोलणी खाल्ली.

पहिल्या गाडीनं मुखेड गाठलं. पोस्टात ट्रंककॉल लावला. दोन तास बसल्यावर औरंगाबाद लागलं. त्या काळी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी ओरडले, “सर, लाट सापडली!” पोस्टातली रांग माझ्याकडे वळली. सरांना आनंद झाला, तोही ओरडूनच कळला. जूनमध्ये शास्त्रज्ञांची मोठी बैठक होती, तिथं हे सांगू म्हणाले. “पण आता तांबडा फिल्टरही लावा. एक मिनिट हिरवा, एक मिनिट तांबडा. दोन्ही थरांत बघा.” फोन ठेवला तर मागच्या म्हाताऱ्यांनी काळजीनं विचारलं, “बाई, काय हरवलं होतं?”

पुढच्या तीन रात्री मी दर मिनिटाला हातानं फिल्टर फिरवला. बोटं सुजली. पण फळ असं मिळालं की विचारू नका. हिरव्यात अकरा उंचवटे, तांबड्यातही अकरा, आणि दोन्ही बरोब्बर एका वेळी. पुन्हा मुखेड, पुन्हा ट्रंककॉल.

“सर, दोन्हीत! तंतोतंत एकाच वेळी!”

“तंतोतंत?” सर म्हणाले.

“हो सर! मिनिटाचाही फरक नाही!”

“मग ती लाट नाही,” सर म्हणाले. “दोन थरांत दहा किलोमीटरचं अंतर आहे. लाट तिरकी जाते. एका थरात आधी, दुसऱ्यात मागून दिसली पाहिजे. दोन्ही रंग एकाच क्षणी उजळतात म्हणजे तो उजेड आभाळातला नाही, तुमच्या जवळचा आहे. तिथं कुणीतरी दर चाळीस मिनिटांनी काहीतरी करतंय. ते शोधा.”

कॉलची तीन मिनिटं संपली. मी तशीच हातात फोन धरून उभी. पोस्टमास्तर म्हणाले, “काय झालं बाई? कोण काय करून राहिलं?” मला रडू येत होतं आणि रागही. सगळ्यात जास्त राग स्वतःचा. हे मला सुचायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला सुचलं असतं.

त्या रात्री मी खाली बसलेच नाही. पेन चालू ठेवलं आणि माळवदावर जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले. गाव झोपलेलं. मग कुठेतरी कडी वाजली. दार उघडलं. घराच्या मागं एक उंच बांध आहे, माळवदाच्या बरोबरीचा, आणि विहिरीची वाट त्या बांधावरून जाते. त्या बांधावर एक कंदील हलत हलत आला. त्याचा उजेड माझ्या पांढऱ्या भिंतीवर पडला, पांढऱ्या कठड्यावर पडला, कठड्यावरून आत उतरला. कठड्याच्या आतली बाजू कशी उजळली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कंदील पुढं गेला, पुन्हा अंधार. मी घड्याळ बघत बसले. चाळीस मिनिटांनी कडी वाजली.

दोन महिने मी ज्या कड्यांना शिव्या घालत होते त्या मला ओरडून ओरडून सांगत होत्या. मार्चमध्ये पाळ्या होत्याच, पण तेव्हा भिंत मातीची आणि कठडा काळा. उजेड गिळला जायचा. मध्ये एकच गोष्ट बदलली होती, चुना. माझी ती आभाळातली लाट म्हणजे अकरा घरचे अकरा कंदील!

सकाळी मुखेडहून सरांना तार केली: ‘लाट कंदिलाची. माफी.’ तारबाबूनं दोनदा वाचलं आणि हळू आवाजात विचारलं, “कुणी गेलं का?” मी म्हटलं, “हो, मीच.” चौथ्या दिवशी सरांची तार आली. गावात तार आली म्हणताच आत्यानं न वाचताच गळा काढला, शेजारच्या दोघी धावत आल्या. तिला गप्प करून मी उघडली. ‘अंधार करा. आठ रात्री उरल्या.’

मे महिन्याची अमावास्या, तिच्या आजूबाजूच्या आठ रात्री. त्यानंतर यंत्र जाणार.

आधी मी जमेल ते सगळं केलं. कठड्याला पुन्हा काजळी फासली, तर नव्या चुन्यावर ती धरेना. वाळून तिची भुकटी थेट फिल्टरच्या काचेवर. काच पुसता पुसता नाकी नऊ आले. बांधाच्या बाजूनं घोंगडी टांगली, ती मेच्या वाऱ्यानं शेजारच्या वाड्यात नेऊन टाकली. भिंतीला शेण सारवू का म्हणून विचारलं, तर आत्या पुन्हा खराटा शोधायला लागली. वर हवेत धूळ इतकी की कंदील बांधावर आला की सगळी धूळच उजळायची. उरला एकच उपाय. कंदीलच नको.

पण ते मी कुणाला सांगणार? दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याच विहिरीच्या पायऱ्यांवरून आत्या पाय घसरून पडली होती. मनगट मोडलं होतं. अजून वाकडंच आहे. विंचू होते, पायऱ्या गुळगुळीत होत्या. माझ्या रेघेसाठी त्या बायांनी अंधारात डोक्यावर दोन घागरी घेऊन चढायचं? मी कुणाकडे विषयच काढला नाही. दोन दिवस नुसती तोंड पाडून बसले. बाबांना पत्र लिहायला घेतलं, अर्ज पाठवा, सही करते म्हणून.

आत्यानं पत्र बघितलं नाही, तोंड बघितलं. “काय झालं ते नीट बोल.” मग मी सगळं सांगून टाकलं. जयंतीचा चुना, कंदील, मेअखेर, सगळं. ती म्हणाली, “म्हंजे माझ्या चुन्यानं तुझं वाटोळं केलं.”

“तसं नाही गं.”

“तसंच हाय. उठ.”

संध्याकाळी ती मला विहिरीच्या काठावर घेऊन गेली. अकराही घरच्या बाया तिथं होत्या. आत्यानं कंबरेवर हात ठेवले आणि जाहीर केलं, “बायांनो, आमच्या पोरीला आठ रात्री अंधार पाहिजे.”

वस्तीतली सगळ्यात थोरली माय, जिला चार दात उरले होते, ती म्हणाली, “अंधार? मंग न्या की बाई! दुसरं काय बी मागू नका, अंधार आमच्याकडं लई हाय.” आणि अकराच्या अकरा अशा हसल्या की मलाही हसू फुटलं.

हसून झाल्यावर प्रश्न आलाच. पाय कुठं ठेवायचा? गावातल्या घरची एक सून म्हणाली, तिला बांधावर भीती वाटते. मी लगेच म्हटलं, नकोच मग, राहू द्या. आत्या माझ्यावरच खेकसली, “तू गप. तुला कुणी इचारलं?” मग घरात गेली आणि जयंतीचं उरलेलं चुन्याचं मडकं घेऊन आली. “ह्यानंच बिघडवलं ना? आता ह्यालाच कामाला लावू.”

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दगड ठेवले. प्रत्येक दगडावर चुना. विहिरीच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चुना. शेवटच्या पायरीपाशी, जिथं आत्या पडली होती, तिथं तिनं स्वतः दोनदा हात फिरवला. मग अंबाडीचा दोर आणून काठावरच्या कडुलिंबापासून विहिरीच्या तळापर्यंत बांधला, धरून उतरायला. मी एकच गोष्ट शिकवू शकत होते, ती शिकवली: झोपेतून उठल्यावर दिवा, काडी, चूल काही बघायचं नाही. डोळे अंधाराला सरावलेले असतात, ते तसेच घेऊन यायचं.

“मंग ठरलं,” आत्या म्हणाली. “पण पहिली पाळी हिची. आधी ही जाऊन दाखवू दे.”

माझी? मी नांदेडच्या नळाची पोरगी! पण अकरा बाया बघत होत्या. पहिल्या रात्री पेन चालू केलं आणि घागरी घेऊन निघाले. दोन पावलं काही दिसेना. मी थांबले. मग हळूहळू वाटेवरचे दगड वर आले. एक, दोन, पुढचे चार. अंधारात नुसते पांढुरके ठिपके, पण वाट कळत होती. एक हात दोरावर ठेवून तळाशी उतरले, तांब्या तांब्या करत घागरी भरल्या. एक डोक्यावर, एक कंबरेवर. चढताना अर्धी घागर माझ्या अंगावर सांडली. वर आल्यावर अंधारात अकरा जणी उभ्या होत्याच, झोपल्या नव्हत्या मेल्या. थोरली माय म्हणाली, “पडली न्हाई, पण पाणी लई आणलं अंगावर!” मी पुढच्या घराची कडी वाजवली, जरा जोरातच.

मग आठ रात्री सगळं गाव आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं वागलं. कुणी चिलीम पेटवली की आतून ओरडा यायचा, “विझव, बॅटरीबाईची लाट पळंल!” भीती वाटणारी सून तिसऱ्या रात्रीपासून गाणं गुणगुणत जायची. कुणी पडलं नाही. रोज सकाळी मी आधी अकरा घरांची खबर घ्यायचे, मगच रेघ बघायचे.

पहिल्या पाच रात्री रेघ सपाट. मला वाटलं झालं, इतक्या बायांना नाहक बेजार केलं. सहाव्या रात्री, मध्यरात्रीनंतर, हिरव्या रेघेला एक उंचवटा आला. मी फिल्टर फिरवला. तांबडं शांत. पुन्हा हिरवं, उतरायला लागलेलं. पुन्हा तांबडं, आणि आता ते चढायला लागलं होतं. हिरवं आधी, तांबडं मागून. मी बाहेर धावले. बांधावर कंदील नव्हता, गावात ठिपकाभर उजेड नव्हता. परत येऊन बसले. तासाभरानं पुन्हा, हिरवं आधी, तांबडं मागून. असं चार वेळा. मी ओरडले नाही, नाचले नाही. एकदा नाचून झालं होतं. नुसती निळ्या हातांनी फिल्टर फिरवत राहिले आणि रडत राहिले.

पहाटेच्या अंधारात शेवटची पाळी आत्याची. दारात घागरी ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर गेले. अजून फटफटलं नव्हतं. ती दम खात उभी होती.

“आत्या, आली. खरी आली. दोन्ही रंगांत, पुढंमागं.”

“हाव?” ती म्हणाली. मग मान वर करून आभाळाकडे बघत राहिली. चार महिन्यांत तिला मी असं बघताना पाहिलं नव्हतं.

“तू म्हणत होतीस ते खरं हाय गं,” ती म्हणाली. “हाय उजेड. चंद्र न्हाई, दिवा न्हाई, अन् मला वाट दिसत होती. पायरी दिसत होती. ती शेवटचीबी दिसली.” मग वाकून तिनं घागरीतून तांब्या भरला. “आण हात.”

“कशाला? राहू दे, प्यायचं पाणी आहे ते.”

“गप बस. तुझ्या उजेडात आणलंय, पहिला तांब्या तुझा.” आणि तिनं तो सगळा तांब्या माझ्या हातांवर ओतला, शाई जाईपर्यंत.